अनधिकृत चरित्र (पॉप गायकांचे)

गायकाची, त्याच्या वारसांची किंवा रेकॉर्ड कंपनीची संमती न घेता आणि त्यांना हस्तलिखित न दाखवता लिहिलेले चरित्र. असे पुस्तक लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती त्यातली छायाचित्रे, खासगी पत्रे आणि गाण्यांचे बोल छापायला. अधिकृत चरित्रकाराला घरचे कपाट उघडून मिळते, पण त्या बदल्यात मजकुरावर दुसऱ्याचा हात फिरतो. हंटर डेव्हिस यांनी १९६८ साली बीटल्स या इंग्लिश पॉप गटाचे अधिकृत चरित्र लिहिले, तेव्हा गटातील गायक जॉन लेननच्या मिमीमावशीला रुचावे म्हणून त्याच्या बालपणाच्या मजकुरात फेरफार करावे लागले.

अशा पुस्तकातला सर्वांत अवघड भाग म्हणजे गायक नावारूपाला येण्याआधीची चार-पाच वर्षे. त्या काळात त्याला कोणी ओळखत नसते, त्यामुळे कागद जपून ठेवलेले नसतात. पुढे प्रसिद्धी खाते एक सुटसुटीत कथा तयार करते, मुलाखतींतून गायक तीच सांगत राहतो आणि वीस वर्षांनी त्यालाही ती खरी वाटू लागते. चरित्रकाराने इथे आठवणींवर विसंबू नये. आधी तारखांचा तक्ता करावा. एका रकान्यात छापील व सरकारी नोंदी लिहाव्यात (जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर, सभागृहाच्या जाहिराती, स्टुडिओची नोंदवही, करारनामे, कोर्टातील कागद) आणि दुसऱ्यात लोक काय सांगतात ते. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे चौकशीला सुरुवात करायची.

बीटल्सचे उदाहरण बोलके आहे. मॅनेजर ब्रायन एप्स्टाइन यांच्या १९६४च्या आत्मचरित्रानुसार २८ ऑक्टोबर १९६१ रोजी लिव्हरपूलमधील त्यांच्या रेकॉर्डच्या दुकानात एका तरुण गिऱ्हाइकाने ‘माय बॉनी’ ही बीटल्सची साथ असलेली रेकॉर्ड मागितली आणि तेव्हा त्यांनी या गटाचे नाव प्रथम ऐकले. पण ‘मर्सी बीट’ हे स्थानिक संगीतपत्र ६ जुलै १९६१ पासून निघत होते आणि ते एप्स्टाइन यांच्याच दुकानात विकले जाई. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या पानावर बीटल्सच्या रेकॉर्डिंग कराराची बातमी होती, आणि ऑगस्टपासून एप्स्टाइन स्वतः त्या पत्रात रेकॉर्डवर सदर लिहीत होते. गिऱ्हाईक आले असेलही. नाव तेव्हा प्रथम कानावर पडले हे मात्र पटत नाही. एप्स्टाइन ९ नोव्हेंबरला बीटल्सना ऐकायला कॅव्हर्न क्लबमध्ये गेले, ही तारीख सर्वमान्य आहे.

लोकप्रियतेचे आकडे तपासताना आधी विक्रीच्या क्रमवारीची यादी कोणाची ते पाहावे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९६९ पर्यंत एकच मान्य यादी नव्हती. १९६३च्या आरंभी बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणे दोन संगीत साप्ताहिकांच्या यादीत पहिले होते, तर ‘रेकॉर्ड रिटेलर’ या व्यापारी पत्राच्या यादीत दुसरे, आज अधिकृत इतिहास म्हणून धरली जाते ती नेमकी ही शेवटची यादी. त्यामुळे बीटल्सचे पहिले ‘नंबर वन’ कोणते, याची दोन उत्तरे पुस्तकांत सापडतात, आणि यादीचे नाव न देणाऱ्या लेखकाचे दोन्हींपैकी कोणतेही उत्तर निरुपयोगी ठरते. ‘लव्ह मी डू’ सतराव्या क्रमांकावर पोहोचावे म्हणून एप्स्टाइन यांनी दहा हजार प्रती स्वतःच उचलल्या, ही अफवाही वारंवार छापली जाते. त्यांनी ती नाकारली होती. छापायचीच असेल तर अफवा म्हणून आणि त्यांच्या नकारासह छापावी.

कधी कधी खुद्द गायकच आपले मूळ मागे ठेवतो. क्वीन या गटाचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फरोख बलसारा, १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला. त्याचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी वाद्यवृंदात तो पियानो वाजवू लागला. १९६४ साली कुटुंब इंग्लंडला गेले. पुढच्या मुलाखतींत तो या वर्षांबद्दल फारसे बोलत नसे, त्यामुळे त्याच्या संगीताची सुरुवात लंडनच्या कलाशाळेपासून मांडणारे लेखन बरेच झाले. ते दुरुस्त झाले शाळासोबत्यांच्या आठवणी आणि जुनी छायाचित्रे यांतून. उलट, गटातील सहकाऱ्यांच्या सहभागाने निघालेल्या २०१८च्या चित्रपटात १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमाआधी गट फुटलेला दाखवला आहे. प्रत्यक्षात त्याच वर्षी मेपर्यंत क्वीनचा दौरा चालू होता. अधिकृत असणे ही अचूकतेची हमी नव्हे, हे सांगायला याहून सोयीचे उदाहरण नाही.

मुलाखती बाहेरून आत घ्याव्यात: आधी शाळासोबती, गट सोडून गेलेले वादक, सभागृहाचे चालक, ध्वनिमुद्रक, मग माजी मॅनेजर, नातेवाईक त्यानंतर. आतल्या वर्तुळापासून सुरुवात केली तर दुसऱ्याच दिवशी ‘बोलू नका’ असा निरोप सगळीकडे जातो. प्रत्येक मुलाखत तारखेसह ध्वनिमुद्रित करावी. शेवटी गायकाच्या कार्यालयाला लेखी पत्र पाठवून पुस्तकातील नेमके आरोप कळवावेत व उत्तरासाठी मुदत द्यावी. उत्तर आले नाही तरी पत्राची पोच जपून ठेवावी; पुढे कोर्टात तीच कामाला येते.

सर्वांत मोठा धोका काढून टाकलेल्या माणसांचा. त्यांना पुष्कळ माहीत असते आणि रागही तेवढाच असतो. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीच्या तीन अंगरक्षकांना १९७६ साली कामावरून काढले. त्यांचे पुस्तक १९७७ साली एल्विसच्या मृत्यूच्या जेमतेम दोन आठवडे आधी आले. त्यातला औषधांच्या अतिवापराचा भाग पुढे खरा निघाला, म्हणून सगळेच खरे धरले गेले, आणि तिथे पुढच्या लेखकांची गफलत झाली. अल्बर्ट गोल्डमन यांच्या एल्विस (१९८१) आणि लेनन (१९८८) यांवरील पुस्तकांत मुलाखतींचा ढीग आहे, पण चरित्रनायकाविषयीची तुच्छता प्रत्येक पानावर जाणवते. लेननच्या पुस्तकातील दाव्यांची ‘रोलिंग स्टोन’ या संगीत नियतकालिकाने साक्षीदारांकडे फेरचौकशी करून झडती घेतली, तेव्हा बरेच काही डळमळीत निघाले.

ही दोन्ही पुस्तके गायकांच्या मृत्यूनंतर निघाली, हेही लक्षात घ्यावे. इंग्लंड-अमेरिकेत मृताच्या अब्रुनुकसानीचा दावा चालत नाही. भारतात मात्र फौजदारी कायद्यात, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, मृत व्यक्तीवरील आरोप कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल तर तोही अब्रुनुकसानी ठरू शकतो. जिवंत व्यक्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९४चा राजगोपाल निकाल महत्त्वाचा: सार्वजनिक नोंदींवर आधारलेले लेखन संमतीशिवाय छापता येते, त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरले तर जबाबदारी लेखक-प्रकाशकाची. पुस्तक लिहून होण्याआधीच ते थांबवणे मात्र अवघड असते. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा यांनी १९८३ साली आपले अनधिकृत चरित्र लिहिणाऱ्या किटी केली यांच्यावर वीस लाख डॉलरचा दावा लावला, पुढच्या वर्षी मागे घेतला आणि १९८६ साली पुस्तक बाजारात आले.

व्यवहारात प्रकाशक अब्रुनुकसानीइतकाच कॉपीराइटला घाबरतो. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. लेखक सॅलिंजर यांनी याच मुद्द्यावर १९८७ साली अमेरिकेत आपले चरित्र अडवले होते. त्यांची अप्रकाशित पत्रे उद्धृत केलेला मजकूर प्रकाशकाला छापता आला नाही. भारतात गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे बोलांवर हक्क राहतो. समीक्षेपुरते उद्धृत करण्याची मुभा आहे, पण आख्खे कडवे छापले की परवानगीचा प्रश्न येतो. म्हणून अशा चरित्रांत गाण्याचे वर्णन असते, गाणे नसते. छायाचित्रे रेकॉर्ड कंपनीऐवजी वृत्तसंस्थांकडून पैसे भरून घेतली जातात. मुखपृष्ठावर गटाचे बोधचिन्ह टाळतात आणि ‘अनधिकृत’ हा शब्द ठळक छापतात, म्हणजे संमतीचा आभास निर्माण केल्याचा ठपका येत नाही.

दौरा किंवा चित्रपट जाहीर झाला की काही आठवड्यांत कात्रणांवरून बेतलेली पुस्तकेही येतात. ती ओळखणे सोपे आहे: ‘जवळच्या व्यक्तीने सांगितले’ असे पानोपानी, मुलाखतींच्या तारखा नाहीत, सूची नाही, आणि प्रसिद्धीपूर्व वर्षे दहा-बारा पानांत उरकलेली.