उदरपोकळीतील मुक्त हवा

जठर-आतड्यांच्या बाहेर, पर्युदराच्या (पोटातील अवयवांभोवतीच्या पातळ आवरणाच्या) पोकळीत हवा साठण्याला न्यूमोपेरिटोनियम म्हणतात. जेवणानंतर पोट फुगवणारा वायू आतड्याच्या आत असतो. त्याचा इथे संबंध नाही. अलीकडे शस्त्रक्रिया झालेली नसताना ही हवा दिसली, तर बहुतेक वेळा पचनमार्गाला छिद्र पडलेले असते.

नेहमीचे कारण म्हणजे जठराचा किंवा ग्रहणीचा (जठरालगतच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) फुटलेला अल्सर. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, धूम्रपान आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणू त्याला कारणीभूत ठरतात. टायफॉइडमध्ये साधारण तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याचा शेवटचा भाग फुटू शकतो.

कळ एकाएकी येते, कधी खांद्यापर्यंत जाते. पोट फळीसारखे घट्ट होते आणि रुग्ण हालचाल टाळतो. वृद्धांत व स्टेरॉइड घेणाऱ्यांत हे सारे पुसट असते. काही तासांनी दुखणे जरा उतरते, तो आराम फसवा. पुण्यातल्या घरांत अशा वेळी ओवा, सोडा देऊन सकाळ होण्याची वाट पाहिली जाते; तेवढ्या वेळात जंतुसंसर्ग पोटभर पसरतो. पाणीही न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि ससूनसारखे, रात्रीही सर्जन मिळेल असे रुग्णालय गाठावे.

छातीचा एक्स-रे उभ्याने किंवा बसवून काढतात. आधी सुमारे १० मिनिटे तसेच बसवले की हवा वर चढते आणि उजव्या श्वासपटलाखाली (छाती व पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याखाली), यकृताच्या वर काळी पट्टी दिसते. तंत्र नीट असेल तर १ मिलिलिटर हवाही सापडते; झोपवून काढलेल्या फोटोत ती सहज निसटते. बसणे अशक्य असल्यास डाव्या कुशीवर फोटो घेतात. उभ्याने काढलेल्या फोटोत डाव्या श्वासपटलाखाली जठरातला वायू गोंधळ घालतो. उजवीकडेही यकृतावर चढलेले मोठे आतडे चकवू शकते. शंका उरली तर सीटी स्कॅन.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हवा आठवडाभर, क्वचित त्याहून जास्त राहते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट १२ ते १५ मिमी पारा दाबाने मुद्दाम कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. तो लवकर शोषला जातो. हवा शस्त्रक्रियेची की छिद्राची हे ठरवता यावे, म्हणून अलीकडच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे.

उपचारात नाकातून जठरात घातलेली राइल्स ट्यूब (नळी), सलाईन, प्रतिजैविके आणि मग शस्त्रक्रिया. अल्सरच्या छिद्रावर ओमेंटमची (आतड्यांवरच्या चरबीच्या पदराची) चरबी टाक्यांनी बसवतात, पोट कोमट सलाईनने धुतात. पुढे हेलिकोबॅक्टरची तपासणी करून ते आढळल्यास औषधांचा कोर्स पुरा करावा लागतो, नाहीतर अल्सर पुन्हा होतो.