कमी पटाच्या शाळा (महाराष्ट्र)

कमी पटाच्या शाळा : महाराष्ट्रात साधारणपणे वीस किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या प्राथमिक शाळा. यांतल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या आहेत आणि त्या वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे, धनगरवाडे अशा विखुरलेल्या जागी भरतात. शिक्षण आयुक्तालयाच्या सप्टेंबर 2023 मधील पत्रकानुसार राज्यात 1 ते 20 पटाच्या 14,783 शाळा होत्या. त्यांत 1,85,467 मुले शिकत होती आणि 29,707 शिक्षक शिकवत होते. सरासरी काढली तर एका शाळेत बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक येतात. मंत्रालयात या आकड्यांचा अर्थ खर्च असा लावला जातो. वाडीत त्यांचा अर्थ एवढाच की सहा वर्षांचे मूल सकाळी चालत शाळेत जाते आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी हाक मारली तर घरी ऐकू जाते. अशा शाळा चालवायच्या की जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, हा राज्याच्या शिक्षण धोरणातला गेल्या दीड दशकातला सर्वांत वादाचा प्रश्न आहे.

शाळा वाडीपर्यंत कशी आली

1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण भागातले प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. पुढच्या चार दशकांत शाळा गावठाणापासून बाहेरच्या वाड्यांपर्यंत पसरल्या. कित्येक ठिकाणी पहिला वर्ग देवळात किंवा कुणाच्या तरी पडवीत भरला, जागा गावकऱ्यांनी दिली आणि खोली लोकवर्गणीतून उभी राहिली. सन 2000 च्या आसपास वस्तीशाळा योजना आली. नियमित शाळा नव्हती अशा वस्तीवर तिथलाच शिकलेला तरुण किंवा तरुणी निमशिक्षक म्हणून अगदी तुटपुंज्या मानधनावर शिकवू लागली. पुढे या वस्तीशाळांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि निमशिक्षकांना, बऱ्याच लढ्यानंतर, सेवेत सामावून घेण्यात आले. आज ज्यांना कमी पटाच्या म्हणतात त्यांतल्या पुष्कळ शाळा याच वाटेने आलेल्या आहेत. त्या चुकून उभ्या राहिलेल्या नाहीत. शाळेत न येणाऱ्या मुलापर्यंत शाळेने जावे, असे राज्याने ठरवले होते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि ही सोय मुलाचा हक्क बनली. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. त्याच नियमात एक अट आहे : पहिली ते पाचवीची शाळा काढण्यासाठी परिसरात 6 ते 11 वयाची किमान वीस मुले असावीत. ही अट शाळा सुरू करण्यासाठी घातलेली होती. पुढे वीसचा हाच आकडा चालू शाळा ठेवावी की नाही याची मोजपट्टी म्हणून वापरात आला. कायद्याच्या परिशिष्टात मात्र साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक द्यायचे असे लिहिलेले आहे. किमान पट किती असावा हे तिथे कुठेही नाही.

पट का घटतो

काही कारणे कोणत्याही धोरणाच्या हाताबाहेरची आहेत. जन्मदर खाली आला आहे. कोकणातून मुंबईकडे जाणाऱ्यांचा ओघ जुनाच आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी भरली. वाडीत म्हातारी माणसे आणि दोन-चार लेकरे उरली की पट सात-आठवर येणारच. ऊसतोडीला जाणाऱ्या भागात वेगळीच गत आहे. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्यासाठी, 30 सप्टेंबरचा पट धरतात. तोवर मुले वर्गात असतात. पुढे कारखान्यांचा हंगाम लागतो आणि बैलगाडी किंवा ट्रॅक्टर मुलांना घेऊन फडाकडे निघतो. बीडसारख्या जिल्ह्यांत मुले आजी-आजोबांपाशी राहून शाळेत टिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. ती वेळेवर सुरू झाली तर वर्ग टिकतो, उशीर झाला तर हजेरीपटावर नावे राहतात आणि बाक रिकामे होतात.

उरलेली कारणे धोरणातूनच आलेली आहेत, आणि चर्चेत नेमकी तीच मागे पडतात. महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम, 2012 नंतर विनाअनुदानित खाजगी शाळा काढणे सोपे झाले. तालुक्याच्या ठिकाणच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या वाडीच्या फाट्यापर्यंत येऊ लागल्या. ज्यांना फी परवडते त्यांची मुले आधी गेली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शेतमजूर, मेंढपाळ, कातकरी, पारधी अशा घरांतली मुले उरली. अनेक जिल्हा परिषदांनी सेमी इंग्रजी सुरू करून ही गळती रोखायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी ती थांबलीही.

दुसरे कारण शिक्षकांचे. पट कमी झाला की संचमान्यतेत पद कमी होते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. मागे एकच शिक्षक राहतो आणि चार-पाच इयत्ता एकाच खोलीत सांभाळतो. प्रशिक्षण, केंद्रावरची सभा, मतदार यादीचे काम किंवा ऑनलाइन माहिती भरणे यांपैकी काहीही आले की त्या दिवशी शिकवणे थांबते. हे पाहून आणखी एखादा पालक दाखला काढून नेतो. पुढच्या सप्टेंबरात पट आणखी खाली आलेला असतो आणि कागदावर शाळेला मागणी नाही अशी नोंद होते. ती मागणी आटवण्यात आधीच्या निर्णयाचा वाटा किती, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

उलट बाजूही आहे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगर शाळेचा पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. शिक्षक आणि गावकरी कामाला लागल्यावर काही वर्षांत तो शंभराच्या वर गेला, आणि 2025 मध्ये ही शाळा आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत झळकली. असे प्रत्येक वाडीत घडणार नाही, कारण काही वाड्यांत शंभर मुलेच नाहीत. पण आज कमी असलेला पट कायम कमीच राहणार असे समजून शाळेचा निकाल लावणे घाईचे ठरते, हे त्यावरून दिसते.

पडताळणीपासून समूह शाळेपर्यंत

ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तेव्हाचा प्रश्न नेमका उलटा होता : शिक्षकांची पदे, अनुदान आणि पोषण आहार पटावर अवलंबून असल्याने कित्येक शाळांनी, विशेषतः काही खाजगी संस्थांनी, प्रत्यक्षात नसलेली मुले हजेरीपटावर दाखवली होती. आधी नांदेड जिल्ह्यात उघड झालेला हा प्रकार राज्यभर सापडला. गैरव्यवहार शोधणे आवश्यकच होते. त्यानंतर मात्र पट हाच शाळेच्या अस्तित्वाचा पुरावा मानण्याची सवय प्रशासनाला लागली, आणि प्रामाणिकपणे नऊ मुले दाखवणारी वाडीची शाळाही त्याच नजरेखाली आली.

डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय गाजला. सप्टेंबर 2022 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवण्यात आली, तेव्हा शिक्षक संघटना, पालक आणि शिक्षण हक्काचे कार्यकर्ते पुन्हा उभे राहिले. 21 सप्टेंबर 2023 च्या पत्रकाने समूह शाळेची कल्पना मांडली : आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या, सुसज्ज शाळेत एकत्र आणायच्या आणि मुलांना बसने ने-आण करायची. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत इथले प्रयोग नमुना म्हणून पुढे करण्यात आले. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छोट्या शाळांतल्या दोन शिक्षकांपैकी एकाच्या जागी कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला आणि शिक्षक सामूहिक रजा घेऊन रस्त्यावर उतरले.

समूह शाळेमागचा विचार नवा नाही. कोठारी आयोगाने (1964–66) शाळा संकुलाची शिफारस केली होती आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने ती पुन्हा मांडली. संकुलाच्या मूळ कल्पनेत छोट्या शाळा आपापल्या जागी राहतात आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा व संगीताचे शिक्षक आपसांत वाटून घेतात. महाराष्ट्रात 1990 च्या दशकात उभी राहिलेली केंद्रशाळा (आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा) आणि त्या गटावर देखरेख करणारा केंद्रप्रमुख ही रचना याच्याच जवळची. समूह शाळेत मात्र मूल हलते. दोन्हींना एकाच नावाखाली घालून बोलल्याने चर्चेत बराच गोंधळ झाला आहे.

समायोजनाच्या बाजूने दिली जाणारी कारणे पोकळ नाहीत. पाच मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही, वयाच्या सोबत्यांशी बोलणे-भांडणे होत नाही, गणिताला वेगळा शिक्षक मिळत नाही. मोठ्या शाळेत हे सारे मिळू शकते. पण त्यासाठी बस रोज वेळेवर, पावसाळ्यातसुद्धा, वाडीपर्यंत यावी लागते. बस येईल असे पत्रकात लिहिणे सोपे असते. ओढ्याला पूर आला की ती फाट्यावरच थांबते.

अंतर आणि घर

नकाशावरचे दीड किलोमीटर आणि मुलाने चालायचे दीड किलोमीटर यांत मोठा फरक पडतो. मध्ये घाट, जंगल, नदी किंवा भरधाव रस्ता असू शकतो. अवघड भूभाग, दरडी, पूर असलेल्या ठिकाणी अंतराची मर्यादा शिथिल करून शाळा जवळ द्यावी, अशी नियमांतच तरतूद आहे. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडी गावच्या मुली कोयना जलाशयातून स्वतः होडी वल्हवत पलीकडे जायच्या आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठायच्या. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडी या धरणग्रस्त वस्तीवरची शाळा बंद करण्याचे ठरले, तेव्हा ऑक्टोबर 2022 मध्ये मुले शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेकडे निघाली. त्यांची घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’. शाळा गेली तर आपल्या वाट्याला काय येते, हे त्या मुलांनी कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट सांगितले.

घरात याचा पहिला फटका मुलींना बसतो. धाकट्या भावंडाला सोबत घेऊन शाळेत येणारी मुलगी दूरच्या शाळेत तसे करू शकत नाही. मग ती घरीच राहते. मजुरीला जाणाऱ्या आईला मुलाला फाट्यावर सोडायचे तर कामाचा खाडा होतो. शासनाच्या योजना इथे मदतीला येतात. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो आणि मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस धावतात. पण या सोयी मुख्यतः पाचवीच्या पुढच्या मुलींसाठी आखलेल्या आहेत. पहिली-दुसरीतल्या मुलाला एकट्याने एसटीत बसवावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. त्याच्यासाठी वाहतूक भत्ता आहे, आणि तो हाती येईपर्यंत रिक्षाचे भाडे घरातूनच जाते. निवासी शाळा हा दुसरा पर्याय सुचवला जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाला आईपासून दूर ठेवण्याची जी किंमत ते मूल मोजते, तिचा हिशेब खर्चाच्या कोणत्याही तुलनेत धरलेला नसतो.

गावाचे काय होते

अनेक वाड्यांत शाळेची खोली ही एकमेव पक्की सार्वजनिक इमारत असते. मतदान तिथे होते, लसीकरण तिथे होते, पुरात माणसे तिथे आसरा घेतात, 15 ऑगस्टला झेंडा तिथेच लागतो. पोषण आहार शिजवणारी मदतनीस बहुधा त्याच वाडीतली, अनेकदा एकटी बाई असते. पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस असा निकष आहे आणि राज्यात 2023 पासून तिचे मानधन महिन्याला 2,500 रुपये झाले. रक्कम थोडी असली तरी शाळा हलली की तीही जाते.

शाळा व्यवस्थापन समितीवरही परिणाम होतो. कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. छोट्या वाडीत जवळपास प्रत्येक घरातले कोणीतरी कधी ना कधी समितीवर असते. शिक्षक आला नाही, तांदूळ कमी आला, छप्पर गळते, हे विचारण्याचा हक्क त्यांना तिथे प्रत्यक्ष वापरता येतो. चार वाड्या एका शाळेत मिसळल्यावर समिती मोठ्या गावात बसते आणि दूरच्या पाड्यावरची आई मजुरी बुडवून सभेला जाऊ शकत नाही. शाळा बंद करण्याच्या निर्णयावर या समितीची संमती घेणे बंधनकारक करणारे कलम कायद्यात नाही. ते असायला हवे होते.

समायोजनानंतर इमारत रिकामी पडते, किंवा अंगणवाडीला वा ग्रामपंचायतीला मिळते. जनरल रजिस्टर मात्र वाडीत राहत नाही. ते मुलांसोबत मोठ्या शाळेकडे जाते. त्यात पहिल्या तुकडीपासूनच्या मुलांची नावे, जन्मतारखा आणि जातीच्या नोंदी असतात. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी आजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंद लागते, आणि 2023 नंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हाही शाळांची अशी जुनी रजिस्टरे चाळली गेली. शाळा मिटलेल्या वाडीतल्या माणसाला हा उतारा काढायला दुसऱ्या गावी जावे लागते.