मनोसामाजिक कार्यपर्यावरण : आरोग्यसेवा आणि शिक्षण

कामाचा बोजा, निर्णयाची मोकळीक, वरिष्ठांची वागणूक आणि सहकाऱ्यांची साथ यांचा कर्मचाऱ्याच्या प्रकृतीवर होणारा परिणाम तपासणारे संशोधनक्षेत्र. येथे तपासणी कामाच्या रचनेची होते, कर्मचाऱ्याच्या स्वभावाची नव्हे.

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार मागण्या जास्त आणि कामावर ताबा कमी, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो. पुढे त्यात सहकाऱ्यांच्या आधाराची भर पडली. योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम आणि मोबदला यांतील तफावतीवर बोट ठेवले; मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते. परिचारिका आणि शिक्षक दोघांनाही ही प्रारूपे चपखल लागू पडतात: कामाचे वेळापत्रक दुसऱ्याने ठरवलेले, आणि चूक झाली तर जाब मात्र त्यांनाच.

या दोन क्षेत्रांत आणखी एक ओझे असते. मनात काहीही चालले असले तरी रुग्णासमोर किंवा वर्गासमोर चेहरा शांत ठेवावा लागतो. याला भावनिक श्रम म्हणतात. योग्य काय ते कळत असूनही मनुष्यबळाअभावी किंवा नियमांमुळे ते करता न येणे ही नैतिक कुचंबणा. ही संकल्पना परिचर्येच्या अभ्यासातून १९८४ मध्ये पुढे आली. इझाबेल मेंझीस यांनी १९६० मध्ये लंडनच्या एका रुग्णालयाविषयी नोंदवलेले निरीक्षण आजही मोलाचे आहे. परिचारिकांची रुग्णांशी जवळीक होऊ नये म्हणून काम तुकड्यातुकड्यांत वाटले जाई. त्यामुळे चिंता टळली नाहीच. उलट एखादा रुग्ण आपल्या हातून बरा झाल्याचे समाधानही हिरावले गेले.

मोजमापासाठी कोपनहेगन मनोसामाजिक प्रश्नावली बरीच वापरली जाते. बहुतेक प्रश्नांना पाच पर्याय असतात आणि त्यांना ०, २५, ५०, ७५, १०० असे गुण देऊन प्रत्येक घटकाची सरासरी काढतात. घटकातील निम्म्याहून कमी प्रश्नांची उत्तरे मिळाली तर त्याचा गुण धरत नाहीत. बर्नआउटसाठी, म्हणजे कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या शिणासाठी, मास्लाक यांची २२ विधानांची मापनी आहे. भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि कर्तृत्वाची घटती जाणीव हे तिचे तीन भाग स्वतंत्रपणे वाचायचे असतात. त्यांची बेरीज करून एकच आकडा देणे ही वारंवार होणारी चूक आहे.

इतर चुका बहुधा आखणीतच असतात. परीक्षेच्या काळात शिक्षकांची पाहणी घेतली तर तात्पुरता ताण कायमचा वाटतो. दिवसा प्रश्नावली वाटली तर रात्रपाळी सुटते. फार थकलेले लोक आधीच नोकरी सोडून गेलेले असतात, त्यामुळे चित्र प्रत्यक्षापेक्षा बरे दिसते. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच व्यक्तीला एकाच वेळी विचारले की त्यांतील संबंध फुगतो. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा मोजणी करणे आणि आजारपणाच्या रजांच्या नोंदी जोडणे आवश्यक ठरते. वॉर्ड किंवा शाळा हा वेगळा स्तर धरून विश्लेषण केले नाही, तर दोष रचनेचा की व्यक्तीचा हे उलगडत नाही. फार लहान गटाचे निकाल वेगळे दाखवल्यास कोणी काय लिहिले ते ओळखू येते आणि पुढच्या वेळी कोणी खरे लिहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, व्यवसायाशी निगडित घटना म्हणून आहे. तरीही उपाय म्हणून अनेकदा केवळ ध्यानवर्ग भरवले जातात. पाळ्यांची आखणी, वर्गातील विद्यार्थिसंख्या आणि कागदी कामाचा भार यांत बदल करून त्याचा परिणाम तपासणारे अभ्यास त्या मानाने कमी आहेत, कारण त्यासाठी व्यवस्थापनाला स्वतःचे निर्णय बदलावे लागतात.