मानवी सुरक्षा (दक्षिण आशिया)

सीमा, सैन्य आणि शस्त्रे यांच्या पलीकडे जाऊन भूक, रोगराई, आपत्ती व दडपशाही यांपासून माणसांचे रक्षण हाही राष्ट्रीय सुरक्षेचाच भाग मानणारी संकल्पना. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने ती जगापुढे ठळकपणे मांडली. अहवालामागचे प्रमुख अर्थतज्ज्ञ महबूब उल हक पाकिस्तानचे. २००३ मध्ये याच विषयावर अहवाल देणाऱ्या आयोगाचे सहअध्यक्ष अमर्त्य सेन भारताचे. विचार घडवणारे उपखंडातले असूनही इथल्या संरक्षणनीतीत तो उपराच राहिला.

वास्तविक, नागरिकांचे हाल आणि राज्याची अखंडता यांचे नाते इथल्याइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख बळी घेतले. सरकारी मदत अपुरी होती आणि तीही उशिरा आली. महिन्याभरातच झालेल्या निवडणुकीत अवामी लीग या तिथल्याच पक्षाने पूर्वेतल्या जवळपास सर्व जागा जिंकल्या आणि पुढच्या वर्षी बांगलादेश वेगळा झाला. भाषेचा प्रश्न व आर्थिक विषमता आधीपासून धुमसत होतीच. पण लष्करी राजवटीला आपलीच माणसे वाचवता येत नाहीत, हे त्या वादळाने उघड केले. नव्या देशाने १९७२ मध्ये चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम हाती घेतला. गावोगावचे स्वयंसेवक ध्वनिक्षेपकावरून इशारा देतात आणि लोकांना निवाऱ्यांत हलवतात. २००७ चे सिद्र वादळ तितकेच भीषण होते, तरी मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. इतके प्राण वाचवणारी संरक्षणव्यवस्था उपखंडात दुसरी दाखवणे कठीण आहे.

सियाचिन हिमनदीवर १९८४ पासून समोरासमोर उभ्या असलेल्या भारत व पाकिस्तानच्या सैन्यांची बहुतेक मनुष्यहानी गोळीबाराने नव्हे, तर थंडी, विरळ हवा आणि हिमकडे यांमुळे झाली. एप्रिल २०१२ मध्ये गयारी येथील पाकिस्तानी तळ हिमस्खलनात गाडला जाऊन १४० जण मरण पावले.

संकल्पनेवर दोन आक्षेप घेतले जातात. सगळेच सुरक्षेत मोडू लागले तर अग्रक्रम ठरवता येत नाही, हा पहिला. दुसरा अधिक गंभीर आहे: स्थलांतर किंवा साथ यांना सुरक्षेचा प्रश्न ठरवले की सरकारच्या हाती जादा अधिकार येतात आणि ज्यांना संरक्षण हवे तेच संशयित ठरतात.

हवा, नद्या आणि वादळे सीमा पाळत नाहीत, त्यामुळे एकट्या देशाचे उपाय अपुरे पडतात. सहकार्याच्या चौकटी मात्र खिळखिळ्या झाल्या आहेत. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद झालेली नाही. तीन युद्धांत टिकलेला भारत-पाकिस्तानमधला १९६० चा सिंधू जलकरार पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने स्थगित केला.