ब्रूसला वर मिळाला, इव्हनला दृष्टांत

‘तो सिनेमा नाही का, साध्या माणसाला देवाची शक्ती मिळते आणि मग तो दाढी वाढवून जहाज बांधतो?’ नाही हो! हे दोन वेगळे सिनेमे आहेत आणि दाढीवाल्याला शक्तीबिक्ती काही मिळत नाही.

‘ब्रूस ऑलमायटी’ (2003) बहुतेकांनी पाहिलाय. अमेरिकेतल्या बफेलो शहरातला टीव्ही वार्ताहर ब्रूस, म्हणजे जिम कॅरी, देवाच्या नावानं बोटं मोडतो आणि देव, म्हणजे मॉर्गन फ्रीमन, त्यालाच गादीवर बसवतो. ‘इव्हन ऑलमायटी’ (2007) मध्ये दिग्दर्शक टॉम शॅडियॅकच, देवही तोच. इव्हन म्हणजे पहिल्या सिनेमात ब्रूस ज्याची बातम्या देताना बोबडी वळवतो तो स्टीव्ह करेल. इथे तो खासदार झालाय आणि देव त्याला जहाज बांधायला लावतो. एवढं पुरे.

घोळ होतो तो चमत्कारांमुळे. इव्हनच्या अवतीभवतीही चमत्कार घडतात, म्हणून लोक ते त्याच्या खात्यावर टाकतात. ब्रूस वाडग्यातलं टोमॅटो सूप दुभंगतो, प्रेयसीसाठी चंद्र जवळ ओढतो आणि तिकडे जपानमध्ये पूर येतो. हे सगळं त्यानं स्वतः केलेलं, म्हणून निस्तरायचंही त्यानंच. इव्हन काय करतो? दाढी करतो, ती लगेच परत उगवते. गजर रोज 6:14 लाच होतो, कारण नोहाला तारू बांधायची आज्ञा बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात 6:14 ला, म्हणजे सहाव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, आहे. लाकूड दारात येऊन पडतं, प्राणी जोडीनं हजर होतात. यातलं एकही त्याच्या हातचं नाही. शाळेतल्या व्याकरणात सांगायचं तर ब्रूस कर्ता, इव्हन बिचारा कर्म. आपल्याकडे देव स्वप्नात येऊन ‘इथे देऊळ बांध’ म्हणतो, तसला प्रकार. त्याला दृष्टांत म्हणतात, वर नव्हे.

आणि ‘ब्रूसला काहीही करता येतं’ हेही अर्धवट. दुसऱ्याच्या इच्छेत त्याला ढवळाढवळ करता येत नाही. प्रेयसी ग्रेस समोर उभी असते, हा हातवारे करून तिला प्रेम करायला लावू पाहतो. ती ढिम्म! माझ्या मते अख्ख्या सिनेमाचा जीव त्या एका प्रसंगात आहे. इव्हनमध्ये अशी गंमतच नाही, कारण हुकमाच्या ताबेदाराला मोह कसला होणार? मग पक्ष्यांच्या शिटेवर विनोद करावे लागतात.

सलमानचा ‘गॉड तुस्सी ग्रेट हो’ (2008)? तो ब्रूसच्या घरातला. तिथे अमिताभ देव आहे, आणि सत्ता दहाच दिवसांची.