अस्थिमत्स्यांतील अग्रमस्तिष्क–अनुमस्तिष्क तंत्रिकामार्ग

अस्थिमत्स्यांच्या (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या) अग्रमस्तिष्कातून (मेंदूच्या पुढच्या भागातून) अनुमस्तिष्काकडे (मेंदूच्या मागच्या भागातल्या एका पिंडाकडे) जाणारे तंत्रिकामार्ग बहुतांशी अप्रत्यक्ष असतात. अग्रमस्तिष्काचे तंतू वाटेतल्या एखाद्या केंद्रकात (तंत्रिकापेशींच्या पुंजक्यात) संपतात आणि तिथल्या पेशींचे तंतू पुढे अनुमस्तिष्कात शिरतात. सस्तन प्राण्यांत हे मधले काम मुख्यतः सेतूतली (मस्तिष्कस्तंभाच्या ‘पॉन्स’ या भागातली) केंद्रके करतात. माशांत तशी केंद्रके नाहीत. तिथे पॅराकमिश्युरल केंद्रक आणि पार्श्व व्हॅल्व्ह्युला केंद्रक ही दोन महत्त्वाची ठाणी आहेत. काम मिळतेजुळते असले, तरी त्यावरून ही केंद्रके सेतूशी समजात (एकाच पूर्वज-रचनेतून आलेली) ठरत नाहीत.

या मार्गांचा काही भाग अशा माशांवर अभ्यासला गेला आहे, जे नाशिकच्या मासळी बाजारात सहज मिळतात: चिलापी (नाईल तिलापिया) आणि सिप्रिनस (कॉमन कार्प). हिरोनोबू इतो व सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हा अप्रत्यक्ष मार्ग आणि त्यातले मधले केंद्रक दाखवले. कार्पमधल्या पार्श्व व्हॅल्व्ह्युला केंद्रकाचे जोड 1990 मध्ये, तर चिलापीतल्या पॅराकमिश्युरल मार्गाची स्थाननिहाय मांडणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली.

सिप्रिनसची कवटी वरून उघडली की आधी चरबीसारखा पांढरा ऊतक दिसतो. तो चिमट्याने हळूच काढल्यावर पुढे प्रमस्तिष्काचे (अग्रमस्तिष्काच्या सर्वांत पुढच्या भागाचे) दोन लहान गोळे, मागे दृक्‌पिंडांची जोडी (डोळ्यांकडून संदेश घेणारे पिंड) आणि तिच्यामागे अनुमस्तिष्काचा मुख्य पिंड दिसतो. गंधकंद मेंदूला चिकटून नसतात. लांब देठावर नाकाजवळ असतात, त्यामुळे घाईत हमखास तुटतात. चिलापीत ते प्रमस्तिष्काला लागूनच असतात. अनुमस्तिष्काचा पुढचा भाग, म्हणजे व्हॅल्व्ह्युला, दृक्‌पिंडांखालच्या पोकळीत घुसलेला असतो. सिप्रिनसमध्ये तो इतका फुगीर असतो की दृक्‌पिंडे बाजूला रेटली जातात. हा भाग किरणपर (काटेरी किरणांवर ताणलेले पर असलेल्या) माशांचीच खासियत आहे, आणि आफ्रिकेतल्या विद्युत्‌संवेदी मॉर्मिरिड माशांत तो जवळजवळ सगळा मेंदू झाकतो.

पॅराकमिश्युरल केंद्रकाकडे येणारे तंतू प्रामुख्याने प्रमस्तिष्काच्या पृष्ठीय क्षेत्राच्या मध्य भागातून निघतात. केंद्रक पश्च संयोजकाजवळ (मेंदूच्या दोन बाजू जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्याजवळ), प्रीटेक्टम या अग्रमस्तिष्क व मध्यमस्तिष्काच्या सीमेवरच्या पट्ट्यात असते. तिथून तंतू अनुमस्तिष्कात जातात. चिलापीत उगमाची जागा आणि शेवटाची जागा यांत काही ठरावीक जुळणी आढळते, म्हणजे तंतूंची सरमिसळ होत नाही. पार्श्व व्हॅल्व्ह्युला केंद्रक मध्यमस्तिष्काच्या तळभागात असून त्यात लहान, गोल पेशींची दाटी असते. त्याला अग्रमस्तिष्काखेरीज इतर भागांतूनही तंतू येतात; त्यामुळे ते केवळ ‘प्रमस्तिष्काचा निरोप्या’ मानणे चुकीचे आहे.

अनुमस्तिष्कात आलेले हे तंतू कणपेशी या लहान पेशींना जोडले जातात आणि कणपेशींचे समांतर तंतू अनुमस्तिष्काच्या मोठ्या पर्किंजे पेशींपर्यंत पोचतात. पर्किंजे पेशींवर चढणारे आरोही तंतू मात्र मस्तिष्कस्तंभातल्या कनिष्ठ ऑलिव्ह केंद्रकातून येतात. माशांत सस्तन प्राण्यांसारखी खोल अनुमस्तिष्क केंद्रके नाहीत. पर्किंजे पेशींचे आखूड अक्षतंतू जवळच्या युरिडेंड्रॉइड पेशींवर संपतात आणि बाहेरचा संदेश त्याच पाठवतात. त्यांचे तंतू मोठ्या प्रमाणात दुसऱ्या बाजूला ओलांडून लाल केंद्रक, दृक्‌पिंड, थॅलॅमसचा परिसर आणि जालिका रचना इथे जातात. अग्रमस्तिष्काकडचा परतीचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याने होतो.

मार्ग शोधायला मागकारी (तंतूंचा माग दाखवणारे) रंग वापरतात. डीआयआय हा मेदविद्राव्य रंग स्थिरीकृत मेंदूतही पेशीपटलावरून पसरतो, म्हणून जिवंत मासा लागत नाही. पण मेंदू ताजा असतानाच 4 टक्के पॅराफॉर्मअल्डिहाइडमध्ये जायला हवा. बाजारात बर्फावर दिवसभर पडलेल्या माशाचा मेंदू मऊ पडून पातळ व्हॅल्व्ह्युला आधी विस्कटतो. असा नमुना फक्त बाह्यरचनेसाठी ठीक. रंगाचा स्फटिक ठेवून मेंदू अंधारात 37 अंश सेल्सिअसला काही आठवडे ठेवतात आणि व्हायब्राटोम या कंपनाऱ्या पात्याच्या यंत्रावर 50 ते 100 मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात. छेद अल्कोहोलमधून नेले की रंग धुऊन जातो. पेशीपटल विरघळवणाऱ्या डिटर्जंटनेही तसेच होते.

डीआयआय एका तंत्रिकापेशीतून दुसरीत सहसा जात नाही. त्यामुळे एकाच रंगाने पूर्ण मार्ग दाखवता येत नाही. एक रंग प्रमस्तिष्कात आणि दुसऱ्या वर्णाचा अनुमस्तिष्कात ठेवून मधल्या केंद्रकात दोन्ही एकत्र येतात का, हे पाहावे लागते. एकत्र दिसले तरी ते जवळिकेचेच लक्षण. अनुबंध (दोन तंत्रिकापेशींमधला खरा संदेश-जोड) सिद्ध करायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा विद्युत्‌नोंद हवी. फसगत बहुधा दोन ठिकाणी होते. व्हॅल्व्ह्युला पोकळीत असल्याने सांडलेला रंग द्रवातून दृक्‌पिंडांना रंगवतो. आणि रंग ठेवलेल्या जागेतून नुसतेच जाणारे तंतूही तो उचलतात. म्हणून प्रत्येक मालिकेत स्फटिक मुद्दाम पोकळीत टाकलेला एक नियंत्रण नमुना ठेवावा.

कार्याबाबत बरीच माहिती गोल्डफिशमधून मिळते. अनुमस्तिष्क काढल्यास डोळा मागे ओढण्याचे अभिसंधान (इशाऱ्यावर प्रतिसाद द्यायला शिकणे) आणि अवकाशीय शिकणे (जागा व वाट लक्षात ठेवणे) बिघडते. प्रमस्तिष्काच्या पार्श्व पृष्ठीय भागाला इजा केल्यासही अवकाशीय शिकणे बिघडते. ही साम्ये लक्षवेधी आहेत, पण त्यांवरून वरील दोन केंद्रकांचा वाटा ठरत नाही. तो ठरवायचा तर केंद्रकावरच घाव घालावा लागेल, आणि पॅराकमिश्युरल केंद्रक इतके खोल आहे की तिथपर्यंतची सुई शेजारच्या दृक्‌मार्गांनाही दुखावते.