मोरोक्कोत राहायला जाताना: निवास कार्डासाठी पात्रता, कागदपत्रं आणि कामाचा क्रम

मोरोक्कोत तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर परदेशी माणसाला निवास कार्ड काढावंच लागतं. तिथे सगळे त्याला 'कार्त द सेजूर' म्हणतात. ते 2003 च्या 02-03 क्रमांकाच्या कायद्याखाली मिळतं आणि डीजीएसएन, म्हणजे तिथलं राष्ट्रीय पोलिस खातं, ते देतं. मोरोक्कोतल्या जोर्फ लास्फरच्या फॉस्फोरिक ॲसिड प्रकल्पात टाटा केमिकल्सची भागीदारी आहे, 2025 मध्ये तिथल्याच बेरेशिद शहरात टाटांचा लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला. कुणी अशा नोकरीच्या निमित्ताने जातं, कुणी शिकायला, कुणी लग्न होऊन. निमित्त कोणतंही असलं तरी माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: निम्मं काम भारतातच उरकून निघा. तिथे पोचल्यावर इकडचा एखादा कागद मागवणं फार जिवावर येतं.

आधी आधार ठरवा

कार्ड मागताना 'मी इथे कशासाठी राहतोय' हे कागदावर सिद्ध करावं लागतं. नोकरी, शिक्षण, मोरोक्कन जोडीदार, कुटुंबाबरोबर राहणं, स्वतःचा व्यवसाय किंवा पेन्शनसारखं नियमित उत्पन्न, यांपैकी एक आधार स्पष्ट हवा.

नोकरीसाठी कंपनीचं नेमणूकपत्र पुरत नाही. तिथल्या कामगार मंत्रालयाने मंजूर केलेला, ठरावीक नमुन्यातला परदेशी कामगाराचा करार लागतो. त्याआधी या जागेसाठी स्थानिक उमेदवार मिळत नाही, असा दाखला कंपनीला आनापेक या सरकारी रोजगार संस्थेकडून घ्यावा लागतो. मोरोक्कन नागरिकाच्या पती-पत्नीला ही आनापेकची पायरी माफ आहे. ही सगळी धावपळ कंपनीने करायची असते, पण मंजूर कराराची प्रत हातात येईपर्यंत इकडच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

लग्नाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मोरोक्कोच्या कुटुंब कायद्यानुसार मुस्लिम मोरोक्कन स्त्रीचं मुस्लिमेतर पुरुषाशी लग्न मान्य होत नाही. त्याला आधी इस्लाम स्वीकारावा लागतो. शिवाय परदेशी व्यक्तीशी लग्नासाठी न्यायालयाची परवानगी लागते. हे दोन्ही घरांत मोकळेपणाने बोलून मगच पुढे जावं.

व्हिसाचाही विचार आधीच करा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, पण त्यावर एका खेपेला 30 दिवसच राहता येतं. तेवढ्यात घर शोधून कागद जमवणं अवघड आहे. कायम राहायला जाणाऱ्याने दिल्लीतल्या मोरोक्कन दूतावासाकडे आपल्या कारणाला साजेसा व्हिसा मागावा.

भारतातून न्यायचे कागद

जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पदवी आणि पोलिस क्लिअरन्स हे चार कागद प्रत्येक प्रौढाचे तयार ठेवा. भारत 2005 पासून आणि मोरोक्को 2016 पासून अपोस्टिल करारात आहे. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल झालं की प्रत्येक कागद दूतावासात नेऊन साक्षांकित करायची गरज उरत नाही. महाराष्ट्रातल्या दाखल्यांवर आणि पदव्यांवर मात्र आधी राज्य सरकारची पडताळणी लागते, त्यानंतर अपोस्टिल. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. ते फार आधी काढून ठेवू नका, कारण अर्जाच्या वेळी ताजं मागतात.

तिथे कागद फ्रेंच किंवा अरबीत लागतात आणि भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचंच चालतं. इंग्रजीवरून करणारे सहज मिळतात, मराठीवरून करणारा मिळेल या भरवशावर राहू नका. जुना ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकूर असलेला नवा काढून घ्या आणि त्यावरच अपोस्टिल करा.

आपल्याकडच्या नावांचा प्रश्न याहून मोठा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. अधिकाऱ्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. म्हणून विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं असतील याची इथेच खात्री करा. ते नसेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद बरोबर न्या, तिचंही अपोस्टिल करून. अरबीत लिहिताना आणखी घोळ होतो. 'ळ' आणि 'ड' तिथे नाहीत. 'ग' साठी मोरोक्कोत काफ या 'क'च्या अरबी अक्षराला तीन टिंबं देतात, पण काही जण नुसता काफ लिहितात, आणि मग गाडगीळांचं एका कागदावर 'गादगील' तर दुसऱ्यावर 'कादकील' होतं. पहिल्या भाषांतरात नाव जसं उतरलं असेल त्याची झेरॉक्स जवळ ठेवा आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी तसंच लिहून मागा.

भाडेकरार आणि मुकद्दम

पत्त्याचा पुरावा नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. तिथल्या 67-12 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे घराचा भाडेकरार लेखी हवा आणि अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. करारावर घरी बसून सह्या केल्या म्हणजे झालं, असं नाही. मालक आणि भाडेकरू दोघांनी 'मुकाताआ'त, म्हणजे तिथल्या वॉर्ड ऑफिसात जायचं, ओळखपत्र किंवा पासपोर्ट दाखवायचा, रजिस्टरात सही करायची आणि करारावर सही प्रमाणित झाल्याचा शिक्का घ्यायचा. खर्च किरकोळ असतो. काही मालक मात्र यासाठी यायला टाळाटाळ करतात, कारण भाड्याचं उत्पन्न कागदावर आलं की कर भरावा लागतो. असं घर स्वस्त असलं तरी घेऊ नका. आगाऊ पैसे देण्यापूर्वीच विचारा, 'मुकाताआत येणार ना?'

राहण्याचा दाखला मागितला गेला तर मुकद्दमाशी गाठ पडते. हा गृह मंत्रालयाचा मोहल्ल्यातला माणूस. त्याच्या वर 'कायद' हा अधिकारी. तुम्ही खरंच तिथे राहता का, हे तो इमारतीच्या रखवालदाराला किंवा कोपऱ्यावरच्या हानूतवाल्याला, म्हणजे वाण्याला विचारतो. त्यामुळे राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात या दोघांना 'सलाम अलेकुम' करून आपण कोण, कुठल्या मजल्यावर राहतो हे सांगून टाका. ब्रेड-दूध त्याच हानूतमधून घ्या. शेजाऱ्यांनी शुक्रवारी कुसकुसला बोलावलं तर जरूर जा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, ते मनापासून भाज्यांचं वेगळं वाढतात. अनोळखी मुलुखात माणसं जोडलेली असणं हा फार मोठा आधार असतो.

प्रत्यक्ष अर्ज

शहरात पोलिसांच्या प्रीफेक्चरमधल्या, म्हणजे मुख्य कचेरीतल्या परदेशी नागरिक कक्षात अर्ज द्यायचा, खेड्यात रॉयल जेन्डार्मरीकडे, म्हणजे ग्रामीण भागातल्या पोलिस दलाकडे. कागदांची यादी शहरागणिक थोडी बदलते, म्हणून पहिल्या फेरीत फक्त यादी मागून आणा. साधारणपणे भरलेला अर्ज, फोटो, पासपोर्टच्या प्रती (प्रवेशाचा शिक्का असलेल्या पानासकट), भाडेकरार, राहण्याच्या कारणाचा पुरावा, पोलिस क्लिअरन्स, तिथल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि वर्षाला 100 दिरहमचं महसुली तिकीट एवढं लागतं. पेन्शनवर राहणाऱ्याने पैसे बँकेतूनच आणावेत, म्हणजे उत्पन्नाची नोंद राहते. परकीय चलन परिवर्तनीय दिरहम खात्यात, म्हणजे पुन्हा परकीय चलनात बदलता येणाऱ्या खात्यात ठेवलं तर पुढे परत नेतानाही अडत नाही. दिरहमच्या नोटा मात्र 2,000 पेक्षा जास्त देशाबाहेर नेता येत नाहीत.

शुक्रवारी दुपारच्या नमाजामुळे मधली सुट्टी लांबते, रमजानमध्ये कचेऱ्या लवकर बंद होतात आणि त्या महिन्यापुरतं देशाचं घड्याळही एक तास मागे जातं. शक्यतो सकाळीच जा. अर्ज स्वीकारला की 'रेसेपिसे' ही पोच मिळते. कार्ड येईपर्यंत ती जपून ठेवा, तिच्या दोन-तीन प्रती काढा.

कार्ड मिळाल्यावर

पहिलं कार्ड बहुधा एका वर्षाचं असतं. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा, घर बदललं तर तेही कळवायचं. चार वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य झालं की दहा वर्षांच्या निवास कार्डासाठी अर्ज करता येतो.

नोकरदारांच्या नूतनीकरणात सीएनएसएस या सामाजिक सुरक्षा निधीकडे पगाराची नोंद आहे का, हे पाहतात. ही नोंद कंपनी करते, पण खातं आपलं असतं. ऑनलाइन उघडून दर महिन्याला तपासा. एखादा महिना सुटलेला दिसला तर लगेच कंपनीला लेखी कळवा, कारण दुरुस्ती तीच करू शकते.